पहिल्या सीएनसीसाठी स्वस्त कंट्रोल सॉफ्टवेअर कसं निवडायचं

‘सीएनसीला (संगणकाच्या सूचनांवर कोरकाम करणाऱ्या मशीनला) कुठलं सॉफ्टवेअर टाकू?’ या एका प्रश्नात तीन वेगळी कामं दडलेली असतात. डिझाइनवरून टूलचा मार्ग काढून जी-कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या सूचनांच्या ओळी, बनवणं हे कॅमचं काम. तो जी-कोड ओळीओळीने मशीनकडे पाठवणं हे सेंडरचं काम. आणि त्या ओळींचे पल्स, म्हणजे मोटरला एकेक स्टेप सरकवणारे विजेचे ठोके, बनवून मोटरच्या ड्रायव्हरला (मोटरला वीज देणाऱ्या सर्किटला) देणं हे कंट्रोलरचं काम. कॅम आणि सेंडर नंतर कधीही बदलता येतात, एका दुपारचं काम आहे. कंट्रोलर बदलायचा तर वायरिंग उकलावं लागतं. म्हणून निवडीची सुरुवात पल्स कोण बनवणार इथून करा. स्क्रीन कशी दिसते ते शेवटी बघा.

पल्स बनवायचे मार्ग दोन. एक तर पीसीने स्वतः बनवून पॅरलल पोर्टमधून द्यायचे, नाहीतर ते काम छोट्या बोर्डाकडे सोपवून पीसीने फक्त जी-कोड पाठवायचा.

पहिल्या मार्गात सगळ्यात जास्त ऐकू येणारं नाव म्हणजे माक३. जुनी मशीनं आजही त्यावर उत्तम चालतात. पण आज नव्याने सुरुवात करणाऱ्याने ते घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याचा पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर ६४ बिट विंडोजवर चालत नाही, म्हणजे ३२ बिट एक्सपी किंवा विंडोज ७ असलेला जुना डेस्कटॉप सांभाळत बसावं लागतं. यूएसबी-ते-पॅरलल अडॅप्टर प्रिंटरसाठी असतात, त्यातून पल्सची वेळ पाळली जात नाही, त्यामुळे तो पैसा वायाच. परवाना १७५ डॉलरचा, आणि विनापरवाना डेमो ५०० ओळींवर थांबतो. ५०० ओळींत चौकोनी खिसे आणि भोकं होतात, पण गणपतीचं साधं रिलीफ कोरायचं म्हटलं तरी फाइल लाखभर ओळींची होते. स्वस्त यूएसबी माक३ बोर्डाच्या किमतीत सॉफ्टवेअरचा परवाना धरलेला नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो. शिवाय माक३चा विकास थांबलेला आहे. त्यानंतरच्या माक४ला हॉबी परवाना आणि वेगळा मोशन कंट्रोलर असे दोन खर्च येतात.

लिनक्ससीएनसी मात्र पूर्ण मोफत आणि खरंच औद्योगिक ताकदीचं आहे. त्याचं मूळ अमेरिकेच्या एनआयएसटी या सरकारी संस्थेतल्या कंट्रोलर प्रकल्पात आहे. घरात पॅरलल पोर्टवाला जुना डेस्कटॉप पडून असेल तर एक संध्याकाळ त्याला द्या. इन्स्टॉल केल्यावर त्यातली लेटन्सी चाचणी चालू करा, सोबत व्हिडिओ लावा, खिडक्या इकडेतिकडे ओढा, मोठ्या फाइल कॉपी करा, आणि पाऊण-एक तास तसंच चालू द्या. कमाल जिटर (वेळेतली चूक) १५-२० मायक्रोसेकंदांच्या आत राहिला तर पीसी उत्तम. ३० ते ५० असेल तर चालेल, पण वेग कमी मिळेल. १००च्या वर गेला तर त्या पीसीवर सॉफ्टवेअर पल्सचा नाद सोडा. लॅपटॉप या चाचणीत सहसा नापास होतात, कारण त्यांची वीजबचतीची यंत्रणा मधूनच प्रोसेसर ताब्यात घेते. नापास झालात तर मेसा कंपनीचं इथरनेट कार्ड लावून पल्सचं काम त्याच्याकडे देता येतं. मार्ग पक्का आहे, पण पहिल्या मशीनला तो खर्च आणि ती शिकवणी दोन्ही जड जातात.

नवशिक्यासाठी माझी शिफारस जीआरबीएल. आर्डुइनो उनो या छोट्या बोर्डावर बसणारं हे मोफत फर्मवेअर (बोर्डाच्या चिपमधलं सॉफ्टवेअर) २००९पासून आहे, आणि १.१ ही त्याची स्थिरावलेली आवृत्ती. उनो, सीएनसी शील्ड (उनोवर बसणारा, ड्रायव्हर आणि वायरी जोडायचा बोर्ड) आणि ए४९८८ ड्रायव्हर हे सगळं पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर साधारण हजार-दीड हजार रुपयांत जमतं. ३०१८ सारखं तयार छोटं मशीन घेतलंत तर त्याच्या बोर्डात बहुधा हेच आधीपासून असतं. नेमा २३ या मोठ्या मापाच्या मोटर असतील तर ए४९८८ पुरत नाहीत, डीएम५४२ सारखे बाहेरचे ड्रायव्हर लावा.

शील्ड घेताना एक सापळा ओळखून ठेवा. सीएनसी शील्ड व्ही३ जीआरबीएलच्या जुन्या आवृत्तीसाठी आखलेली आहे. पुढे स्पिंडलला (टूल फिरवणाऱ्या मोटरला) वेगनियंत्रण द्यायला पिनांची अदलाबदल झाली: आता झेडचा (वर-खाली अक्षाचा) लिमिट स्विच, म्हणजे अक्षाचं टोक ओळखणारा स्विच, डी१२वर आणि स्पिंडलचा पीडब्ल्यूएम (वेग ठरवणारा सिग्नल) डी११वर असतो. शील्डवर मात्र छापील नावं जुनीच. छापलेलं वाचून वायर जोडली की झेड होमिंगला (स्विचपर्यंत जाऊन मशीनची सुरुवातीची जागा शोधताना) स्विच सापडतच नाही आणि अलार्म ९ येतो. या दोन वायरी एकमेकींच्या जागी लावा, प्रश्न मिटला.

जीआरबीएलची मर्यादाही आधीच कळलेली बरी. उनो सेकंदाला जास्तीत जास्त ३०,००० पल्स देतो. ४ मिमी लीडचा (एका फेऱ्यात ४ मिमी सरकवणारा) स्क्रू, फेऱ्याला २०० स्टेपची मोटर आणि १६ मायक्रोस्टेप (एका स्टेपचे १६ भाग) घेतले तर २०० × १६ ÷ ४ = ८०० पल्स प्रति मिमी. म्हणजे कमाल वेग ३७.५ मिमी प्रति सेकंद, मिनिटाला २२५०. छोट्या मशीनला हा भरपूर आहे, मोटर त्याआधीच दम टाकते. १६०५ बॉलस्क्रू (५ मिमी लीड) आणि ८ मायक्रोस्टेपला ३२० पल्स प्रति मिमी पडतात, मग ५६२५ मिमी प्रति मिनिटपर्यंत जाता येतं. याहून जास्त वेग, चौथा अक्ष किंवा दोन मोटरवाला गॅन्ट्री (स्पिंडल वाहणारा आडवा पूल) आपोआप काटकोनात आणणं हवं असेल तर ३२ बिट बोर्डावरचं जीआरबीएलएचएएल किंवा ईएसपी३२वरचं फ्लुइडएनसी घ्या. दोन्ही मोफत. फक्त ईएसपी३२चा सिग्नल ३.३ व्होल्टचा असतो आणि ५ व्होल्टवर बेतलेले ड्रायव्हर त्यावर मधूनच पल्स गाळतात, म्हणून मध्ये सिग्नल ५ व्होल्टचा करणारा लेव्हल शिफ्टर असलेला बोर्डच घ्या.

आता सेंडर. कँडल विंडोजवर हलका चालतो आणि ३०१८सोबत बहुतेकदा तोच मिळतो. युनिव्हर्सल जीकोड सेंडर विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतो. कॅनडाच्या सिएन्सी लॅब्सचा जीसेंडर नवशिक्याला सगळ्यात सोपा वाटेल, त्यात प्रोबिंग (टूल टेकवून झीरो शोधणं) आणि कॅलिब्रेशनचे टप्पे पडद्यावर दाखवून करून घेतात. रास्पबेरी पायवर सीएनसीजेएस टाकलं तर मशीनशेजारी धुळीत लॅपटॉप ठेवावा लागत नाही, फोनवरून ब्राउझरमध्ये चालवता येतं. फक्त लेझर लावणार असाल तर लेझरजीआरबीएल. सगळे मोफत आहेत, दोन-तीन टाकून बघा, हाताला जो बसेल तो ठेवा.

पहिल्यांदा जोडताना बॉड रेट (जोडणीचा वेग) १,१५,२०० ठेवा. पोर्टच दिसत नसेल तर बोर्डावर बहुधा सीएच३४० चिप असते, तिचा ड्रायव्हर टाका. जोडणी झाली की कन्सोलमध्ये जीआरबीएलचं नाव आणि आवृत्ती उमटते. मग $$ टाइप करा आणि आलेली सगळी यादी एका फाइलमध्ये कॉपी करून ठेवा. पुढे काहीही बिघडलं तरी हीच यादी तुम्हाला परत आणेल.

पडद्यावर आकडे पळतात पण मोटर जागची हलत नाही, ही सगळ्यांच्या वाट्याला येणारी पहिली तक्रार. यूएसबीच्या विजेवर फक्त बोर्ड जागा होतो, मोटरना १२ किंवा २४ व्होल्टची वेगळी सप्लाय लागते. यातून एक महत्त्वाची गोष्ट कळते: जीआरबीएलला मशीन खरंच हललं की नाही हे कळायचा मार्गच नाही. पल्स दिला की ते अंतर कापलं असं ते धरून चालतं. जॉबच्या मध्ये मोटर अडकून स्टेप सुटल्या तरी पडद्यावरचा आकडा निवांत बरोबरच दिसत राहतो.

$१००, $१०१, $१०२ हे तीन अक्षांचे पल्स प्रति मिमी. स्क्रूवाल्या मशीनला हे गणिताने काढा आणि तिथेच ठेवा. १०० मिमी सांगून ५० किंवा २०० सरकलं तर मायक्रोस्टेपचे जंपर किंवा स्क्रूची लीड तुम्ही समजता ती नाही. पण ९८.६ सरकलं म्हणून ८००चे ८११ करू नका. स्क्रूचा आटा दीड टक्का चुकलेला नसतो. एकतर स्टेप सुटताहेत, किंवा कपलर घसरतोय, किंवा नटमधली ढिलाई मापात आलीय. आकडा वाढवला तर एका अंतराला माप जुळेल आणि दुसऱ्याला चुकेल. बेल्टच्या मशीनला मात्र असं बारीक जुळवणं योग्य आहे, कारण बेल्ट ताणला जातो.

वेग ($११०पासून) आणि प्रवेग ($१२०पासून) वाढवताना टूल काढून, हवेत चालवून बघा. मोटर किंचाळून थांबली तर तो आकडा सोडून त्याच्या सत्तर टक्क्यांवर स्थिर व्हा.

लिमिट स्विच पहिल्या दिवसापासून लावा. मोफत सॉफ्टवेअर घेऊन वाचलेले पैसे इथे खर्च करणं मला सगळ्यात पटतं. नॉर्मली क्लोज्ड (एरवी सर्किट जोडलेलं ठेवणाऱ्या) प्रकारचे लावले तर तुटलेली वायर लगेच लक्षात येते, त्यासाठी $५=१ ठेवायचं. $२२=१ केलं की होमिंग सुरू होतं. त्यानंतर प्रत्येक वेळी वीज दिली की मशीन अलार्ममध्येच उठतं आणि जी-कोड पाठवला तर एरर ९ देतं. हा बिघाड नव्हे, आधी होमिंग करा इतकंच ते सांगतंय. होमिंगनंतर मशीनचे आकडे उणे दिसतात, तेही बरोबर आहे. होमिंग जमलं की $१३०पासूनच्या जागी खरा प्रवास भरा आणि $२०=१ करून सॉफ्ट लिमिट लावा. मग टेबलाबाहेर जाणारी फाइल धडक बसायच्या आधीच अलार्म २ देऊन थांबते.

होमिंगचा मोठा फायदा आपल्याकडे वीज गेल्यावर कळतो. कामाचा झीरो, म्हणजे जी५४चा ऑफसेट, बोर्डाच्या ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) टिकून राहतो, पण तो मोजला जातो होमपासून. वीज आल्यावर होमिंग केलं की झीरो जवळपास होता तिथेच सापडतो, आणि सेंडरमधून मधल्या ओळीपासून पुन्हा सुरू करता येतं. सुरू करण्याआधी झेड वर घ्या आणि स्पिंडल हाताने चालू करा, कारण स्पिंडल चालू करणारी ओळ मागे राहून गेलेली असते. होम स्विच नसेल तर तो जॉब बहुतेक गेलाच.

कॅममध्ये फ्यूजनचा वैयक्तिक परवाना मोफत आहे, पण त्यात रॅपिड (न कापता जलद सरकायच्या) हालचाली फीडच्याच, म्हणजे कापायच्याच, वेगाने होतात आणि टूलबदल एका फाइलमध्ये मिळत नाही. प्रत्येक टूलची वेगळी फाइल काढावी लागते. फ्रीकॅडचं सीएएम वर्कबेंच बंधनाविना मोफत आहे, शिकायला जरा चिवट. दोन्हींत पोस्ट-प्रोसेसर (टूलचा मार्ग कंट्रोलरला कळेल अशा जी-कोडमध्ये बदलणारा भाग) जीआरबीएलचाच निवडा. माक३चा पोस्ट चुकून निवडला की त्यात जी४३, एम६ आणि जी८१ सारख्या भोकं पाडायच्या सायकल येतात, साधं जीआरबीएल त्या ओळखत नाही आणि एरर २० देत थांबतं. फ्यूजनच्या जीआरबीएल पोस्टमध्येही एक गोष्ट बदला: सुरक्षित रिट्रॅक्टसाठी (टूल वर उचलण्यासाठी) तो जी२८ वापरतो, आणि होमिंग न केलेल्या मशीनवर त्या ओळीला झेड कुठे जाईल याचा नेम नाही. सेटिंगमध्ये जी२८च्या जागी क्लिअरन्स हाइट निवडा.

लेझर काढून पुन्हा स्पिंडल बसवलात तर $३२=० करायला विसरू नका. लेझर मोड चालू राहिला तर वेग बदलताना मशीन थांबत नाही, आणि टूल पुरतं फिरायला लागायच्या आत लाकडात घुसतं.

सगळं नीट असूनही स्पिंडल चालू करताच यूएसबी तुटते किंवा लिमिटचा खोटा अलार्म १ येतो? सॉफ्टवेअर बदलू नका, तो व्हीएफडीचा (स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या उपकरणाचा) विद्युत गोंगाट आहे. व्हीएफडी ते स्पिंडल शिल्डेड केबल घ्या, व्हीएफडी आणि मशीनच्या फ्रेमला पक्कं अर्थिंग द्या, लिमिटच्या वायरी त्या केबलपासून लांब न्या, लिमिट पिन आणि ग्राउंडच्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, यूएसबी केबल फेराइटवाली आणि आखूड ठेवा. लॅपटॉपचा स्लीप मोड आणि यूएसबीची वीजबचतही बंद करा.

सेंडरवरच्या स्टॉप बटणावर इमर्जन्सीसाठी विसंबू नका. यूएसबी अडकलेली असताना ते बटण मशीनपर्यंत पोचतच नाही. लाल मशरूम स्विच हाताच्या अंतरावर बसवा आणि तो कॉन्टॅक्टरमार्फत स्पिंडल आणि ड्रायव्हर दोघांचीही वीज तोडेल असा जोडा.

दरवाजे-फर्निचरसाठी ४ बाय ८ फुटी राउटर घेणार असाल तर हा बराचसा विचार लागत नाही. त्यांना सहसा हातात धरायचा, स्वतःच पल्स बनवणारा डीएसपी कंट्रोलर असतो, फाइल पेनड्राइव्हवरून जाते आणि पीसी मशीनला जोडावाच लागत नाही. तिथे विक्रेत्याकडून दोनच गोष्टी आधी मागून घ्या: त्या कंट्रोलरला चालणारा पोस्ट-प्रोसेसर, आणि त्यातल्या सगळ्या पॅरामीटरची लेखी प्रत.