आमची वाटचाल : पिशवीतली वजनं

वजनकाट्यांच्या दुरुस्तीचा आमचा धंदा 1999 साली वागळे इस्टेटमधल्या अर्ध्या गाळ्यात सुरू झाला. उरलेल्या अर्ध्यात एक लेथवाला होता. वडील 1972 च्या दुष्काळात नगर जिल्ह्यातून ठाण्याला आले आणि वागळेतल्याच एका कारखान्यातून काट्यांचे फिटर म्हणून निवृत्त झाले. भांडवल म्हणून त्यांनी मला कॅनव्हासची एक पिशवी दिली, तिच्यात पितळी वजनांचा संच. देण्याआधी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून त्यातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय वाचला. थैलीत दोन तऱ्हेची वजनं, एक जड नि एक हलकं, बाळगू नकोस, असं तिथे सांगितलंय. उपदेशात हे वचन मी फार ऐकलेलं नाही. आमच्या घरात मात्र ते रोजच्या कामाचं होतं.

सुरुवातीची बहुतेक गिऱ्हाइकं वाशीच्या एपीएमसीतली. कांदा-बटाटा, फळं, भाजी, मसाला, धान्य, पाचही बाजारांत काटेच काटे. ठाण्याहून वाशीला थेट लोकल नव्हती. 20 किलोची बिडाची वजनं घेऊन कळवा-विटाव्यावरून बसने जायचो. 2004 च्या नोव्हेंबरात ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर लोकल सुरू झाली नि मालडबा मिळाला. दोन वर्षांनी रबाळे एमआयडीसीत स्वतःचा गाळा घेतला.

आमच्या कामात मोह कुठे असतो ते सांगायला काटा थोडा उघडावा लागेल. इलेक्ट्रॉनिक काट्याच्या ताटाखाली लोड सेल असतो. भार पडला की तो धातूचा ठोकळा डोळ्यांना दिसणार नाही इतका वाकतो, त्यावर चिकटवलेल्या पट्टीचा विद्युतरोध बदलतो आणि त्या बदलावरून बोर्ड वजन दाखवतो. किती बदलाला किती किलो म्हणायचं, हे कॅलिब्रेशनमध्ये ठरतं. म्हणून तिथे सील असतं. दर 12 महिन्यांनी वैधमापनशास्त्र विभागाची पडताळणी आणि मुद्रांकन. दुरुस्तीसाठी सील तोडलं, तर पुन्हा मुद्रांकन झाल्याशिवाय काटा वापरायचा नाही. ते सील तोडण्याचा परवाना आमच्याकडे असतो.

पहिल्या वर्षापासून विचारणा व्हायची, "मास्तर, जरा बघा ना, थोडं इकडे-तिकडे." विकणाऱ्याला जास्त दाखवणारा काटा हवा, घेणाऱ्याला कमी. मी सरळ नाही म्हणायचो. त्या नकाराचं मोठं श्रेय मी घेत नाही. समोरचा उघड चोरी मागत होता, आणि माझ्याकडे गमावण्यासारखं काही नव्हतं.

2012 नंतर दिवस पालटले. कारखान्यांच्या वे-ब्रिजची, म्हणजे अख्खा ट्रक तोलणाऱ्या काट्यांची, वार्षिक कंत्राटं मिळाली, माणसं सतरा झाली, घोडबंदर रोडला फ्लॅट झाला. वे-ब्रिजचं काम रविवारी, कारण ट्रक नसतात. चर्चच्या मंडळीतली माझी जागा रिकामी राहू लागली. दशमांश, म्हणजे चर्चला द्यायचा कमाईचा दहावा हिस्सा, मात्र वेळेवर जायचा, आधीपेक्षा कितीतरी मोठा. चर्चच्या हॉलची फरशी आम्ही करून दिली, भिंतीवर नावाची पाटी लागली. त्या वर्षी मी किती रविवार उपासनेला होतो, ते बायकोने कॅलेंडरवर मोजून दाखवलं. अकरा. मी म्हणालो, "धंदा वाढतोय, देवाचाच आशीर्वाद आहे." ती काही बोलली नाही.

2016 च्या पावसाळ्यात तुर्भ्याच्या बाजूला एका भंगारवाल्याकडे गेलो. त्याची पाच दुकानं, पाचही आमच्या कंत्राटात. शिवाय त्याच्या ओळखीने एक मोठा वे-ब्रिज मिळायचा होता. बोलता बोलता सवयीने वडिलांच्या पिशवीतलं 5 किलोचं वजन ताटावर ठेवलं. आकडा आला 4.700. शंभर किलोमागे सहा किलो. मी वजन उचललं, पिशवीत टाकलं, चहा घेतला आणि निघालो.

तिथली देखभाल करणाऱ्या मेकॅनिकला मी काहीच विचारलं नाही. एक महिना, दोन, तीन. न विचारण्यासाठी रोज एक कारण सापडत होतं: बोर्ड बिघडला असेल, पावसाची दमट हवा असेल. खोटं बोललो नव्हतो, पैसे घेतले नव्हते. एवढ्यावर मला झोप लागत होती, हे आज सांगतानाही घशाशी येतं.

शेवटी तोच आला. आमच्याच मंडळीतला मुलगा, रविवारच्या शाळेत मी त्याला शिकवलेलं. एका काट्यामागे चार हजार घेतल्याचं त्याने सांगितलं. मग म्हणाला, "सर, तुम्ही वजन ठेवून बघितलंत, हे मला कळलं होतं. तुम्ही बोलला नाहीत, म्हणून वाटलं चालतंय."

त्याला मी काढलं नाही. काढायचंच झालं, तर आधी मला काढावं लागलं असतं.

भंगारवाल्याला सांगितलं, तो ऐकेना. मग विभागाला लेखी कळवलं, त्यात माझे तीन महिनेही लिहिले. पाचही दुकानं गेली, वे-ब्रिज गेला. त्या वर्षी पगार भागवायला फ्लॅटवर कर्ज काढलं.

पण ज्यांचं वजन मारलं गेलं, त्यांचं काय? लूकच्या शुभवर्तमानात जक्कय जकातदार उभा राहून म्हणतो, कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो. आकडा येशूने मागितलेला नव्हता, त्याने स्वतःच सांगितला. हे मी मुलांना कितीदा शिकवलं होतं!

संध्याकाळी सहाच्या सुमारास बायको आणि मी त्या दुकानांबाहेर उभे राहू लागलो. गोण्या घेऊन येणाऱ्या कचरावेचक बायका. हिशेब बायकोने मांडला: दिवसाला सरासरी 25 किलो प्लास्टिक, त्यातलं दीड किलो मारलं गेलेलं, किलोला 12 रुपये, महिन्याचे 26 दिवस, पाच महिने. एकीचे 2,340. चौपट जमली नाही, दुप्पट दिली. तेवीस जणी सापडल्या, बाकीच्या दुसरीकडे निघून गेल्या होत्या.

एका म्हाताऱ्या मावशींनी नोटा दोनदा मोजल्या आणि म्हणाल्या, "काटा मारत्यात ते ठावं हुतं, बाबा. कोण मारतंय ते आज कळलं."

मी मान खाली घालून उभा होतो. उरलेली दुप्पट वहीत देणं म्हणून लिहिलेली आहे. दर नाताळाआधी तिच्यातून काही फिटतं, अजून चार नावं बाकी आहेत.

पाटी काढा म्हणून पाळकसाहेबांकडे गेलो. ते म्हणाले, "पाटी असू द्या. तुम्ही येत जा." रविवारची कामं बंद केली. दोन कारखाने त्यामुळे सोडून गेले, बाकीच्यांनी शनिवार रात्र दिली.

आता दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रार्थना झाली की सगळ्यांच्या पिशव्या टेबलावर रिकाम्या होतात. प्रत्येक वजन तपासणीच्या काट्यावर चढतं, माझंही. तपासायचं काम त्याच मुलाकडे आहे. गेल्या खेपेला वडिलांच्या संचातलं 2 किलोचं वजन झिजून कमी भरलं. त्याने ते बाजूला ठेवलं, वहीत माझ्या नावापुढे लिहिलं आणि पुढची पिशवी ओढली.