सत्तावीस नंबरची गाय बसत नव्हती

एप्रिलचा दुसरा आठवडा. विद्यापीठातल्या आमच्या खोलीत पंखा गरम हवाच फिरवत होता आणि माझ्यासमोर संगमनेर तालुक्यातल्या एका गोठ्याचा आलेख उघडा होता. २७ नंबरच्या गाईची रेघ रात्री अकरापासून पहाटेपर्यंत जवळजवळ वरच्या वर. वर म्हणजे उभी, खाली म्हणजे बसलेली. सलग नऊ रात्री असंच चाललं होतं.

मी संख्याशास्त्राची. दुभत्या जनावरांच्या कल्याणावरच्या एका प्रकल्पात रिसर्च असोसिएट म्हणून लागले, तेव्हा गाय मी फक्त रस्त्यावर पाहिलेली. गाईच्या मागच्या पायाला घड्याळासारखा सेन्सर बांधलेला असतो. पाय उभा आहे की आडवा, हे तो मिनिटामिनिटाला नोंदवतो. गळ्यातला पट्टा रवंथ मोजतो. सुखात असलेली गाय दिवसाचे दहा-बारा तास बसते, सात-आठ तास रवंथ करते. हे गणित विस्कटलं की काहीतरी बिनसलंय एवढं कळतं. काय बिनसलंय, ते आम्ही शोधायचं.

२७ नंबरपुढे आमच्या मॉडेलने, म्हणजे या नोंदींवरून कारणाचा अंदाज बांधणाऱ्या संगणकी गणिताने, शिक्का मारला होता: उष्णतेचा ताण. आणि तो पटण्यासारखाच होता. तापमान आणि आर्द्रता मिळून जो निर्देशांक निघतो, तो ७२ च्या वर गेला की होलस्टीन या विलायती जातीचं रक्त असलेल्या गाईला उन्हाचा त्रास होतो असं मानतात. जास्त दुधाच्या गाईंना तर ६८ पासूनच. बाहेर ४० अंश आणि हवेत २० टक्के ओल असली की तो ८४ च्या घरात जातो. तापलेली गाय बसत नाही, कारण उभं राहिलं की अंगाला चारी बाजूंनी वारा लागतो. मी शिक्का मान्य करून पुढच्या गाईकडे वळणारच होते.

अडले ती उठबशीच्या रकान्यात. गाय दिवसातून साधारण नऊ-दहा वेळा बसते आणि उठते. ही फक्त दोनदा बसत होती. पण एकदा बसली की दोन-अडीच तास हलायची नाही. उकाड्याने हैराण झालेलं जनावर इतका वेळ एका जागी पडून राहील? शिवाय त्याच छपराखालच्या, तिच्याहून जास्त दूध देणाऱ्या गाई पहाटे तीनला निवांत बसलेल्या दिसत होत्या.

गोठ्याच्या मालकांना फोन केला. "दादा, आज रात्री येऊ का गोठ्यावर?"

"या की मॅडम. पण रात्रीचं काय बघणार?"

आमच्या विभागातल्या पशुवैद्य डॉक्टरांना बरोबर घेतलं. पोचलो तेव्हा दहा वाजले होते. दादांच्या आई गोठ्याच्या दारातच बाजेवर बसल्या होत्या. मी २७ नंबर विचारल्यावर त्यांना कळेना, मग पाठीवरच्या पांढऱ्या चांदाची म्हटल्यावर म्हणाल्या, "चांदी व्हय? ती बसाया भेती, बाई. मी कवापासून सांगतीया."

आम्ही गोठ्याच्या कोपऱ्यात दिवा मालवून बसलो. बॅटरीसुद्धा लावायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. माणूस जवळ असला की गाय दुखणं लपवते. अंगणातल्या बल्बचा उजेड आत येत होता तेवढाच. एकेक गाय बसत गेली. चांदी उभी. मागचा उजवा पाय मधूनच अलगद उचलायची, टेकवायची, परत उचलायची.

एक वाजून वीस मिनिटांनी तिने मान खाली घातली, कोब्याचा वास घेतला, पुढचे गुडघे जरासे वाकवले आणि सरळ झाली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. चौथ्या खेपेला धपकन बसली. अंगातला जीव गेल्यासारखी. आमच्या सेन्सरच्या लेखी मधले तीन प्रयत्न घडलेच नव्हते. पाय आडवा झाला नाही, म्हणजे नोंद नाही.

खरी गोष्ट दिसली ती पहाटे, ती उठताना. गाय उठते तेव्हा आधी डोकं पुढे झोकते, त्या झोक्यावर मागचे पाय उचलते आणि मग पुढचे. त्या झोक्याला तोंडापुढे दोन-तीन फूट मोकळी जागा लागते. चांदीने डोकं पुढे टाकलं आणि तिचं नाक गव्हाणीच्या भिंतीवर आपटलं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. साखळी ताणली गेली. ती तशीच थांबली, धापा टाकत. मग तिने उलटं केलं. पुढचे पाय आधी रोवले, कुत्रं बसतं तशी क्षणभर बसली, मागचे खूर कोब्यावर दोनदा घसरले आणि कशीबशी उभी राहिली.

डॉक्टर हळूच म्हणाले, "घोड्यासारखी उठतेय."

गव्हाण नवी होती. संक्रांतीनंतर दादांनी कर्ज काढून बांधलेली, चांगली उंच, सिमेंटची. मुरघास, म्हणजे मुरवलेला हिरवा चारा, सांडून वाया जाऊ नये म्हणून. हेतूत काही वाईट नव्हतं. पण साखळीची कडी जुन्या खुंट्यावरून त्या भिंतीत गेली, आणि साखळी हातभर उरली.

उजाडल्यावर चांदीला खोड्यात घेतलं. डॉक्टरांनी मागच्या उजव्या खुराचा तळ तासला, तेव्हा बाहेरच्या नखीत रुपयाएवढी जखम निघाली. खुराचा तळ आतून कुजत आला होता. तासन्‌तास टणक कोब्यावर उभं राहिलं की असं होतं. आणि असं झालं की उठबस आणखी नकोशी होते. शेजारच्या निरोगी नखीला लाकडी ठोकळा चिकटवला, म्हणजे दुखऱ्या नखीवर भार येणार नाही. दादा सगळा वेळ तिच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. तिच्या दुधातलं फॅट, म्हणजे स्निग्धांश, ३.५ टक्क्यांच्या खाली आल्यापासून ते खुराक बदलत होते, पेंड वाढवत होते. एवढंच म्हणाले, "मीच हिला बांधून घातली म्हणायची."

परत येऊन मी मागचा सगळा डेटा उपसला. चांदीचं बसणं फेब्रुवारीतच कमी व्हायला लागलं होतं. तेव्हा पहाटे स्वेटर लागत होता, उष्णतेचा काय संबंध? पण आमचं मॉडेल प्रत्येक गाईची तुलना तिच्याच मागच्या चौदा दिवसांशी करतं. रोज थोडं थोडं घटत गेलं तर त्याला ते रोजचंच वाटतं. खुराचं दुखणं चिघळलं आणि आकडा एकदम कोसळला, तेव्हा एप्रिल होता, म्हणून दोष उन्हावर गेला. त्या नव्या गव्हाणीवरच्या आणखी तीन गाईंची उठबस तिच्यामागोमाग घटत आली होती.

मला सगळ्यात लागलं ते वेगळंच. आमच्या तक्त्यात गाईचं वय, वेत, दूध, फॅट, लसीकरण सगळं होतं. ती कुठे बांधली जाते आणि साखळी किती लांब आहे, हा रकानाच नव्हता. कारण आम्ही ज्या धर्तीवर मॉडेल बांधलं, ती विलायतेतल्या मोकळ्या गोठ्यांतली. तिथे गाय आपली जागा आपण निवडते. आपल्याकडे जागा तिला मिळते. ब्रिटनमध्ये १९६५ साली ब्रॅम्बेल समितीने पाळीव जनावराला किमान काय मिळायला हवं ते लिहून ठेवलं: विनासायास वळता यावं, अंग चाटता यावं, उठता-बसता यावं, पाय ताणता यावेत. हा अहवाल मी नोकरीच्या पहिल्याच महिन्यात वाचला होता. आम्ही उठणं-बसणं मोजत होतो. विनासायास हा शब्द मोजायचा राहून गेला होता.

पुढचे दहा दिवस मी आणि डॉक्टर मोजपट्टी घेऊन प्रकल्पातल्या प्रत्येक गोठ्यावर फिरलो. साखळी किती, गव्हाणीची उंची किती, पुढे मोकळी जागा किती, खाली कोबा की माती की रबरी चटई. उष्णतेचा ताण म्हणून मी आधी मान्य केलेल्या नोंदी एकेक करून पुन्हा उघडल्या. बऱ्याच खऱ्याच उन्हाच्या निघाल्या. काही नाही निघाल्या.

दादांनी त्याच आठवड्यात साखळ्या लांब केल्या आणि गोठ्यामागे जाळी मारून चांदीला मोकळं सोडलं. मेच्या शेवटी गेले तेव्हा ती कडुनिंबाखाली मातीत बसली होती, डोळे अर्धे मिटून रवंथ करत. आजी म्हणाल्या, "जवळ जाऊ नको, उठंल." तरी मी चार पावलं पुढे गेलेच. तिने कान टवकारले, डोकं पुढे झोकलं आणि उठली. मागचे पाय आधी. तिला उगाच उठवलं याचं मला वाईट वाटलं, म्हणून मी लगेच मागे फिरले आणि बाजेवर आजींच्या शेजारी जाऊन बसले. ती पुन्हा बसेपर्यंत आम्ही दोघी तिथेच होतो.