कॅटेगरी एस, एमओटी पास

मी इंग्लंडमध्ये मोटारसायकलींची एमओटी करतो. आपल्याकडच्या बोलीत सांगायचं तर पासिंग. फक्त इथे त्यासाठी आरटीओत खेटे घालावे लागत नाहीत. सरकारने मान्यता दिलेल्या खासगी गॅरेजमध्ये ते होतं, आणि गाडीला तीन वर्षं झाली की मग दरवर्षी. साध्या दुचाकीची कमाल फी २९.६५ पौंड. तेवढ्या पैशात गाडीची जन्मकुंडली मिळावी, अशी बऱ्याच गिऱ्हाइकांची अपेक्षा असते.

गेल्या उन्हाळ्यात इथल्या मराठी मंडळातून नंबर मिळवून एका मुलाने फोन केला. मास्टर्स संपवून नुकताच नोकरीला लागलेला. "काका, अडीच वर्षांची बाइक मिळतेय, बाजारभावापेक्षा खूपच स्वस्त. कॅट एस आहे, पण डीलर म्हणतो सगळं काम झालंय. तुमच्याकडून एकदा पासिंग करून घेतलं म्हणजे झालं ना?"

कॅट एस म्हणजे काय ते आधी सांगतो. अपघातानंतर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने परवडत नाही असं विमा कंपनीला वाटलं, की ती मालकाला पैसे देऊन मोकळी होते आणि गाडी ‘राइट-ऑफ’ ठरते. १ ऑक्टोबर २०१७ पासून अशा गाड्यांचे चार वर्ग आहेत. ए म्हणजे गाडी अख्खी चेचून टाकायची. बी म्हणजे सुटे भाग काढून विकता येतात, पण सांगाडा चेचायचाच. एस म्हणजे सांगाड्यालाच मार बसलाय, पण दुरुस्त करता येतो. एन म्हणजे सांगाडा शाबूत, बाकीचं नुकसान. यातल्या एनला घाबरायचं फारसं कारण नसतं. हल्लीच्या बाइकवर प्लास्टिक इतकं महाग असतं की उभी गाडी आडवी झाली, फेअरिंग फुटलं, टाकीला पोचा आला आणि सायलेन्सर घासला, तरी विम्याचं गणित कोलमडतं. एसची गोष्ट वेगळी. मोटारसायकलला सांगाडा म्हणजे फ्रेम, आणि दोन्ही चाकं एका रेषेत धरून ठेवणारी वस्तू तीच.

डीलरने त्या मुलाला आणखी एक सांगितलं होतं: गाडी तीन वर्षांच्या आतली आहे, तिला एमओटी लागतच नाही. मुलाला वाटलं हा थापा मारतोय. पण तो खरं बोलत होता. ज्या गाडीच्या फ्रेमला मार बसल्याचं विमा कंपनीने लिहून दिलंय, ती कुणीतरी कुठल्यातरी शेडमध्ये दुरुस्त करतो, नवीन लॉगबुकसाठी, म्हणजे आपल्याकडच्या आरसी बुकासाठी, अर्ज करतो, त्या लॉगबुकवर डीव्हीएलए ही इथली वाहननोंदणीची सरकारी संस्था कॅटेगरीची नोंद करते, आणि गाडी रस्त्यावर येते. मधे कुणीही तिच्याकडे बघणं बंधनकारक नाही. जुनी गाडी असेल आणि अपघाताआधीची एमओटी शिल्लक असेल तर राइट-ऑफमुळे ती आपोआप रद्दही होत नाही. मोटारींसाठी पूर्वी ओळख पटवायची एक वेगळी तपासणी होती, तीही २०१५ च्या ऑक्टोबरात बंद झाली, आणि दुचाकींना ती कधी नव्हतीच. गाडी धोकादायक अवस्थेत विकणं हा १९८८ च्या रोड ट्रॅफिक अ‍ॅक्टखाली गुन्हा आहे, हे खरं. पण तो सिद्ध करायची वेळ येते तेव्हा बहुतेकदा कुणीतरी पडलेलं असतं.

मी म्हटलं, "लागत नसली तरी करता येते. डीलर गाडी पाठवत असेल तर आण." डीलरने कुरकुर न करता पाठवली. त्याचा माणूस व्हॅनमध्ये घालून घेऊन आला, मागोमाग मुलगा बसने आला.

गाडी दिसायला झकास होती. मी दिवे, हॉर्न, नंबरप्लेट, फ्रेमवरचा नंबर पाहिला. टायर जवळजवळ नवे. कायद्याला रुंदीच्या तीन चतुर्थांश भागावर एक मिलिमीटर नक्षी पुरते, इथे भरपूर होती. ब्रेक चाचणीच्या रोलरवर घेतले. एका ब्रेकची क्षमता किमान ३० टक्के आणि दुसऱ्याची २५ टक्के लागते, दोन्ही आरामात वर गेले. चेन, स्प्रॉकेट, मागचा शॉक, सगळं ठीक.

मग पुढचं चाक उचललं आणि हँडल हळूहळू फिरवलं. बेअरिंग लोण्यासारखं. डावीकडे शेवटपर्यंत नेलं, टक्. उजवीकडे नेलं, टक् नाही, जरा बोदा आवाज. टॉर्च घेऊन खाली वाकलो. हँडल टाकीवर आदळू नये म्हणून फ्रेमच्या डोक्याशी दोन्ही बाजूंना बोटाच्या पेराएवढे खुंट असतात, त्यांना आम्ही लॉक-स्टॉप म्हणतो. डावा होता तसाच, कडा धारदार, कंपनीचा खरखरीत काळा रंग. उजवा बसका. कुणीतरी तो कानशीने घासून सारखा केला होता आणि वरून रंग मारला होता, आणि तो रंग चकचकीत होता. खुंट असा चेपतो तो बहुतेकदा हँडल पूर्ण वळलेलं असताना पुढून सणसणीत दणका बसला की. आणि तो दणका खुंटाशी थांबत नाही, थेट फ्रेमच्या डोक्यात जातो.

मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी सरळ पट्ट्या लावून पुढच्या चाकाशी फट बघितली. एका बाजूला किंचित जास्त. किंचितच; टायर बसवताना, चेन ताणतानाही एवढा फरक पडू शकतो.

आता पंचाईत अशी की एमओटीत मला पाना हातात घ्यायची मुभा नाही. गाडी जशी आली तशी तपासायची, काही सोडायचं-उघडायचं नाही. फेअरिंग आणि टाकीच्या खाली फ्रेमचा जो भाग मला बघायचा होता, नेमका तोच झाकलेला. खुंट जागेवर आहे, काम करतोय, हँडल कशाला लागत नाही. चाकांमधला फरक नापास करण्याइतका नाही. संशय लिहायला नापासाच्या यादीत रकाना नाही, आणि नसावाच. नाहीतर ज्या परीक्षकाला जी गाडी आवडत नाही ती तो नापास करत सुटेल. मी गाडी पास केली. खाली सूचनांमध्ये दोन ओळी घातल्या: उजव्या लॉक-स्टॉपवर आघाताच्या खुणा, आणि फ्रेमचा काही भाग आवरणामुळे तपासता आला नाही.

मुलगा तिथेच उभा होता. पासचा कागद बघून त्याचा चेहरा खुलला. "मग घेऊ ना काका?"

"ते तू मला अजून विचारलं नव्हतंस," मी म्हटलं. "आज या गाडीत किमान नियम मोडणारं काही दिसलं नाही, एवढंच हा कागद सांगतो. दुरुस्ती कुणी केली, कशी केली, त्यातलं त्याला काही माहीत नाही. कॅटेगरीसुद्धा त्याच्यावर नसते."

त्याला खुंट दाखवला, बोट फिरवायला लावलं. मग डीलरच्या माणसासमोरच सांगितलं काय मागायचं ते: दुरुस्तीआधीचे फोटो, बदललेल्या भागांची बिलं, आणि फ्रेम जिगवर, म्हणजे मोजमापाच्या साच्यात बसवून, मोजल्याचा कागद. फ्रेम सरळ आहे की नाही हे डोळ्यांनी नाही, मोजून कळतं, आणि ते करून देणारे लोक आहेत. शिवाय विमा आधी विचारून घे. कॅट एस म्हटलं की काही कंपन्या दारातूनच परत पाठवतात, आणि लपवलंस तर क्लेमच्या वेळी पकडला जाशील. शेवटी म्हटलं, डीलर हो म्हणत असेल तर आत्ता, एमओटीच्या बाहेर, मी टाकी उतरवतो. अर्ध्या तासाचं काम. पैसे नकोत.

डीलरच्या माणसाने बाहेर जाऊन फोन केला. परत येऊन म्हणाला, साहेब म्हणतात गाडी उघडायची नाही, पास झालीय ना. फोटो? ज्याच्याकडून घेतली त्याच्याकडे असतील. बिलं? बघून सांगतो.

मुलाचे आगाऊ दिलेले दोनशे पौंड डीलरकडे अडकले होते. तो काही तिथे वाद घालणारा नव्हता, पण संध्याकाळी त्याने शांतपणे ईमेल लिहिली की फ्रेमचा कागद मिळाला तर गाडी घेतो, नाहीतर पैसे परत करा. आठवडाभर टोलवाटोलवी झाली आणि पैसे आले. डीलरकडून घेतलेल्या गाडीत दोष निघाला तर पहिल्या ३० दिवसांत ती परत करायचा हक्क २०१५ च्या ग्राहक कायद्याने इथे दिलाय. "मग घेऊनच टाकू का, नाही पटली तर परत करू" असंही त्याने मला मधे विचारलं होतं. मी म्हटलं, तो हक्क बजावायला तू धडधाकट राहायला हवास.

तीनेक आठवड्यांनी तीच गाडी ऑनलाइन जाहिरातीत दिसली. किंमत थोडी चढवलेली. कॅट एस खाली बारीक अक्षरात, आणि वर ठळक: ‘नवी कोरी एमओटी, पास.’ माझीच. चिडलो, पण तक्रार कशाची करणार? प्रत्येक शब्द खरा होता. एवढं बरं की एमओटीचा इतिहास सरकारी साइटवर नंबर टाकून कुणालाही फुकट बघता येतो, आणि सूचनांच्या त्या दोन ओळी तिथे आहेत.

कुणीतरी त्या वाचल्याच. परवा गॅरेजवर एका बाईंचा फोन आला. मुलीसाठी गाडी बघतायत, एमओटीच्या कागदावरून आमचं गॅरेज शोधून काढलं. "तुम्ही पास केलीय, मग ही आघाताची भानगड काय आहे?" मी त्यांना खुंटाचं सांगितलं, टाकी उतरवायला डीलर नाही म्हणाला होता तेही सांगितलं. त्यांनी विचारलं, "मी गाडी आणायला लावली तर उतरवाल?"

"उतरवीन. पण डीलरकडून तसं लेखी घ्या."

विचारून कळवते म्हणाल्या.