‘मावशी, वॉक आहे गं तो, ट्रेक नाही!’

न्यूझीलंडमध्ये कुणी ‘वॉक’ म्हणालं की आधी सावध व्हायचं. हॅमिल्टनला राहणारा आमचा भाचा फोनवर म्हणाला, “मावशी, टोंगारिरो क्रॉसिंग, ती ज्वालामुखींमधून जाणारी दिवसभराची वाट, म्हणजे वॉक आहे गं, ट्रेक नाही. इथले पेन्शनर करतात.” मी ५७ वर्षांची, हे ६१. दर रविवारी इंदूरजवळची रालामंडलची टेकडी चढतो आणि येताना पोहे-जिलेबी हाणतो, तेव्हा आपल्याला काय जड आहे असं वाटलं. भाचा स्वतः तिथे एकदाही गेलेला नाही, हे मला इंदूरला परत आल्यावर कळलं.

भारतातून थेट विमान नाही. आम्ही इंदूर-मुंबई-सिंगापूर-ऑकलंड असे गेलो. त्यातला शेवटचा टप्पाच दहा तासांचा, आणि फेब्रुवारीत तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसात तास पुढे. प्रवासात यापलीकडे सांगण्यासारखं काही घडलं नाही.

ऑकलंडला उतरल्यावर मात्र बॅगांची तपासणी होते, आणि ती चेष्टेवारी नेऊ नका. खायचं काय आणलंय, वापरलेले ट्रेकिंगचे बूट आणलेत का, हे सगळं फॉर्मवर लिहायचं. लपवलेलं सापडलं तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड, म्हणजे वीस हजार रुपये. मी सगळं लिहिलं. मावाबाटी ही खव्याची मिठाई, दुधाची म्हणून गेली. शेव आणि जिरावन, म्हणजे आमचा पोह्यांवरचा मसाला, राहिलं. ह्यांच्या बुटांच्या तळाला मात्र आमच्याकडच्या जानापाव डोंगराची काळी माती होती. तपासणाऱ्या बाईंनी बूट हातात घेऊन खाचांमध्ये बॅटरी मारली, आत नेले आणि पंधरा मिनिटांनी असे चकचकीत करून आणले, की ह्यांना ते ओळखू येईनात. तुम्ही घरूनच दात घासायच्या ब्रशनं खाचा साफ करून न्या.

आता पैशांचं. आमच्या इंदूरच्या एजंटनं ‘टोंगारिरो अनुभव, गाईडसह’ म्हणून माणशी साडेसात हजार घेतले. गाईड कुठला? सकाळी सहाला एक बस आली. ड्रायव्हरनं छापील नकाशा हातात दिला, “शेवटची बस पाचला” असं बजावलं आणि आम्हाला मांगाटेपोपोला, म्हणजे वाटेच्या सुरुवातीला सोडून निघून गेला. त्याच बसमध्ये शेजारी बसलेल्या जोडप्यानं आदल्या रात्री फोन करून जागा धरली होती, माणशी पन्नास डॉलरला. म्हणजे अडीच हजार. तेव्हा इथून काहीही बुक करू नका. बस लागतेच, कारण वाट एकेरी आहे आणि सुरुवातीच्या पार्किंगला मोसमात चार तासांच्या वर गाडी ठेवू देत नाहीत. स्वतःची गाडी असेल तर ती शेवटी, म्हणजे केतेताहीला ठेवा आणि सकाळच्या बसनं सुरुवातीला या. मग आपण चालत आपल्याच गाडीकडे येतो आणि मानेवर पाचच्या बसची टांगती तलवार राहत नाही. ही अक्कल मला नवव्या तासाला आली.

वाट साधारण २० किलोमीटरची. बूट, वाऱ्याचं जाकीट, टोपी, माणशी दोन-तीन लिटर पाणी हे तुमच्याकडे आहेच असं धरते. वाटेत पिण्याचं पाणी मिळत नाही. पहिला तास-दीड तास लाकडी फळ्यांवरून आरामात जातो. सोडा स्प्रिंग्जशी शौचालय आहे, तिथे लाज न धरता जाऊन या. पुढे सगळा लाव्ह्याचा उघडाबोडका मुलूख, आडोशाला झुडूप नाही. तिथेच एक पाटी आहे: पुढे जायची खरंच तयारी आहे का? नसेल तर मागे फिरा. आम्ही तिच्यासमोर फोटो काढला.

मग ‘डेव्हिल्स स्टेअरकेस’. सगळे याच चढाची भीती घालतात. दम लागतो, पण पायऱ्या आहेत आणि पावलापुरती सपाट जागा मिळते. तो मला आवडलासुद्धा. डाव्या-उजव्या हाताला लाव्ह्याचा काळा दगड, आपल्या माळव्याच्या मातीखालच्या बसाल्टसारखाच दिसणारा. आपला साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झाला, इथे मात्र जमिनीतून अजून वाफ निघते. उजवीकडे २२८७ मीटरचा नाऊरुहोए ज्वालामुखी उभा. त्यावर चढू नका, माओरी लोकांना ही शिखरं पवित्र आहेत. त्यांचे प्रमुख ‘ते हेउहेउ तुकिनो’ यांनी १८८७ साली ती सरकारच्या हवाली केली आणि त्यातून हे राष्ट्रीय उद्यान झालं. हे सगळं ह्यांनी एका पाटीवर मोठ्यानं वाचलं. तोवर त्यांच्यात तेवढा दम शिल्लक होता.

रेड क्रेटर १८८६ मीटर, वाटेवरची सगळ्यात उंच जागा. मला वाटलं, संपलं. आता उतार.

तो उतार. माझं निम्मं लिखाण यासाठीच आहे. रेड क्रेटरपासून पाचूच्या रंगाच्या तळ्यांपर्यंत एक अरुंद धार खाली जाते, आणि तिच्यावर सुट्टी बजरी: हरभऱ्याएवढी, बोराएवढी, मधूनच नारळाएवढी. बांधकामावर वाळूच्या ढिगावर चढून बघा, तसं. पाय टाकला की तो पाय एकटाच पुढे निघून जातो. दोन्ही बाजूंना खोल, आणि वारा असा की टोपीची दोरी गळ्याला काचत होती. अंतर थोडंच, पण मला तिथे चाळीस मिनिटं लागली. तीन वेळा बसकण मारली. डाव्या तळहाताचं साल गेलं. ह्यांनी दुसऱ्यांदा पडल्यावर उठायचा नादच सोडला आणि बसूनच सरकत आले. नवी पॅंट मागून विरली. “अहो, लोक बघतायत.” “बघू देत, पॅंटचा भावही सांगतो सगळ्यांना.” तेवढ्यात सात-आठ वर्षांचा एक गोरा पोरगा माकडासारखा उड्या मारत आमच्या शेजारून गेला.

मागून येणाऱ्या एका मुलीनं शेवटी शिकवलं. पंजावर भार देऊन ब्रेक मारत उतरायचं नाही. टाच घुसवायची, गुडघा थोडा वाकवायचा आणि पाय हातभर घसरू द्यायचा. घट्ट तुडवलेल्या वाटेपेक्षा जरा बाजूला, जिथे बजरी खोल आहे, तिथे पाय टाकायचा. उतरण्याआधी लेस करकचून बांधा, नाहीतर अंगठ्यांची नखं काळी होतात. माझी दोन झाली. हातमोजे थंडी नसली तरी घाला. आणि काठ्या न्या. काठ्या म्हाताऱ्यांच्या, असं मी म्हणत होते. आता म्हणत नाही.

तळी सुंदर आहेत. रेड क्रेटरकडून झिरपून येणाऱ्या खनिजांनी पाण्याला तो रंग येतो. पाण्यापासून लांब एका दगडावर बसून भाच्याच्या घरी केलेल्या दशम्या जिरावन भुरभुरून खाल्ल्या. पुढच्या निळ्या तळ्याशी काही खायचं नाही आणि पाण्याला हात लावायचा नाही. तेही पवित्र आहे.

इथे लोक खूश होऊन हळू चालतात. चूक! कारण निम्मीच वाट झालेली असते. चढ जेमतेम ८०० मीटर, उतार ११०० च्या वर. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. वळणावळणांनी खाली, खाली, अजून खाली. ‘ते मारी’ नावाचं ज्वालामुखीचं विवर तिथून दिसतं. २०१२ साली त्याचा स्फोट झाला तेव्हा केतेताही हटच्या छपरातून दगड आरपार गेले होते. मी बघितलं आणि पुढे निघाले, माझा स्फोट गुडघ्यात चालू होता. शेवटचा तास जंगलातून पायऱ्यांचा आहे आणि तो संपत नाही. चार वाजून चाळीस मिनिटांनी बस दिसली. फलकावर सात-आठ तास लिहिलंय, आम्हाला सव्वानऊ लागले.

जावं का? जावं. पण हवामान वाईट असेल तर पैसे बुडाले तरी नको; त्या धारेवर पावसात मी पाऊल टाकणार नाही. म्हणून हाताशी दोन दिवस जास्तीचे ठेवा.

आणि दुसऱ्या दिवशी काहीही ठरवू नका. आमची वायटोमोची गुहा ठरली होती, पायऱ्या उतरून आत जायचं. मी तोंड मागे करून, दोन्ही हातांनी कठडा धरून, एकेक पायरी उलटी उतरले. छतावरचे चमकणारे किडे कसे होते, ते ह्यांना विचारा.