नव्या रोमच्या शोधात : इस्तंबूल, काडीकोय आणि फेनेर

तोपकापी राजवाड्याच्या पहिल्या अंगणात शिरल्यावर डाव्या हाताला आया इरिनी हे विटांचे जुने चर्च लागते. बहुतेक पर्यटक ते ओलांडून थेट राजवाड्याकडे जातात, याचे मला वाईट वाटले. कारण आरंभीच्या ख्रिस्ती धर्मात सत्तेची केंद्रे कशी ठरली, हे या परिसराइतके स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी उमगते. आत सजावट जवळजवळ नाहीच. अर्धघुमटात सोनेरी पार्श्वभूमीवर एकच मोठा क्रूस आहे, तोही आठव्या शतकातला, म्हणजे धर्मचित्रांना विरोध होता त्या काळातला.

३८१ साली सम्राट थिओडोसिअसने बोलावलेली धर्मपरिषद येथील मूळ चर्चमध्ये भरली, असे परंपरा सांगते. तिच्या तिसऱ्या नियमाने कॉन्स्टँटिनोपलच्या, म्हणजे आजच्या इस्तंबूलच्या, बिशपला रोमच्या बिशपाखालोखाल मान दिला आणि त्याचे कारण एवढेच सांगितले, की हे शहर नवे रोम आहे. रोमजवळ पेत्र आणि पौल या प्रेषितांच्या कबरी होत्या, इजिप्तमधील अलेक्झांड्रिया आपली परंपरा शुभवर्तमानकार मार्कपासून सांगत असे, आणि येशूच्या शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव प्रथम मिळाले ते प्राचीन सीरियातील अँटिओकमध्ये. कॉन्स्टँटिनोपलजवळ त्या तोडीची जुनी परंपरा नव्हती. त्याच्याजवळ सम्राट होता, आणि तेवढे पुरले. अलेक्झांड्रियाला हे किती झोंबले असेल, याची कल्पना पुढच्या सत्तर वर्षांतील भांडणांवरून येते. ४३१ साली एफिससच्या परिषदेत अलेक्झांड्रियाचा बिशप सिरिल याने कॉन्स्टँटिनोपलचा बिशप नेस्टोरिअस याला पदच्युत करवले, ते केवळ धर्मतत्त्वाच्या मतभेदातून झाले असे मला वाटत नाही.

एमिनोन्यूच्या धक्क्यावरून बोटीने बॉस्फरस ओलांडून मी काडीकोयला उतरलो. मासळी, ऑलिव्ह आणि मसाल्यांच्या दुकानांनी गजबजलेली ही वस्ती म्हणजे प्राचीन कॅल्सेडॉन. ४५१ सालची धर्मपरिषद सेंट युफेमिया या हुतात्मा संत स्त्रीच्या ज्या चर्चमध्ये भरली, ते आज उभे नाही. बाजारात तिच्या नावाचे एक ग्रीक चर्च आहे, पण ते पुष्कळ नंतरचे. या परिषदेने अलेक्झांड्रियाचा बिशप डायोस्कोरस याला पदावरून काढले, ख्रिस्ताच्या दैवी आणि मानवी अशा दोन स्वभावांचे सूत्र ठरवले, आणि अठ्ठाविसाव्या नियमाने कॉन्स्टँटिनोपलचे स्थान आणखी भक्कम केले. रोमचा बिशप, म्हणजे पोप, लिओ याने तो नियम मान्य केला नाही. जेथे येशूला क्रुसावर चढवले गेले त्या जेरुसलेमला तीन पॅलेस्टाइन प्रांतांवरचा अधिकारही येथेच मिळाला. तोवर जेरुसलेम पॅलेस्टाइनमधीलच सिझेरिया या शहराच्या बिशपाच्या हाताखाली होते. इजिप्तमधील बहुसंख्य ख्रिस्ती आणि सीरियातील पुष्कळ लोक मात्र या निर्णयांपासून दूर गेले. केरळमधील जे सीरियन ख्रिस्ती आज अँटिओकच्या पॅट्रिआर्कला, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरूला, मानतात, त्यांची परंपरा याच दुराव्यातून आलेल्या शाखेची आहे.

गोल्डन हॉर्नच्या काठी फेनेर येथे कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कचे पीठ आजही आहे. त्याचे मधले दार बंद असते, कारण १८२१ मध्ये पाचव्या ग्रेगरी या पॅट्रिआर्कला त्याच दारात फाशी देण्यात आले. आतल्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये युफेमियाचे अवशेष जपलेले आहेत. ज्या सम्राटांमुळे हे पीठ मोठे झाले, त्यांची सत्ता १४५३ मध्ये संपली. तरीही येथील पॅट्रिआर्क आपल्या अधिकृत बिरुदात ‘कॉन्स्टँटिनोपल, नवे रोम’ ही ३८१ सालची ओळख लावतात, आणि आजच्या कायद्यानुसार त्यांना तुर्कस्तानचे नागरिक असावे लागते.