तुम्ही विचारलंत म्हणून: चौथ्या भागात ड्रॅगन कुठे गेले?

"काकू, पहिले तीन भाग एकदम भारी होते. पण चौथ्यात बाईंनी हे काय करून ठेवलंय?"

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या घरून पुस्तकं नेणारी मुलं हे दारातूनच विचारतात. बाई म्हणजे उर्सुला ले ग्विन, आणि तक्रार असते त्यांच्या 'अर्थसी' या ड्रॅगन आणि जादूगारांच्या मालिकेतल्या 'तेहानू' या चौथ्या पुस्तकाबद्दल. मुलांच्या आयाही विचारतात, त्यांचा प्रश्न वेगळा असतो. आता इतक्या जणांनी विचारलंय की सविस्तरच सांगते.

ज्यांनी मालिका वाचली नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' 1968 साली आलं. गाँट नावाच्या डोंगराळ बेटावर शेळ्या राखणारा गेड रोक बेटावरच्या विद्यालयात जादू शिकतो, गर्वाच्या भरात एक काळी सावली मोकळी सोडतो आणि तिच्याशी झुंजत मोठा होतो. दुसऱ्या पुस्तकात तेनार भेटते. लहानपणीच अंधाऱ्या थडग्यांची पुजारीण करून टाकलेली ही मुलगी गेडबरोबर तिथून बाहेर पडते. तिसरं 'द फार्देस्ट शोअर', 1972 सालचं. त्यात गेड मृतांच्या प्रदेशात जाऊन जगाला पडलेलं भगदाड बुजवतो आणि त्यात स्वतःची सगळी शक्ती ओतून रिता होतो. कॅलेसिन नावाचा सर्वांत वृद्ध ड्रॅगन त्याला पाठीवर घेऊन उडून जातो. वाचकांना वाटलं, गोष्ट संपली. संपायला याहून सुंदर जागा कुठली?

मग 18 वर्षांनी, 1990 साली, 'तेहानू' आलं. आता तेनार एका शेतकऱ्याची विधवा आहे, तिची मुलं मोठी झालीत. तिनं एका लहान मुलीला घरात घेतलंय. या मुलीला तिच्याच माणसांनी मारलं, तिच्यावर अत्याचार केले आणि मरण्यासाठी आगीत ढकललं. अर्धा चेहरा जळालाय, एक डोळा गेलाय, एक हात आखडलाय. कॅलेसिन गेडला आणून सोडतो तो याच बायकांच्या जगात. गेडकडे आता कसलीही शक्ती नाही. राजाची माणसं शोधत आली की तो लपतो, आणि शेवटी शेळ्या राखायला डोंगरावर निघून जातो.

वाचक चिडले ते इथे. जगभर चिडले आणि आमच्या बैठकीच्या खोलीतही चिडतात. महामांत्रिकाचा गुराखी केला. लढाई नाही, समुद्रप्रवास नाही, नुसती भांडी, शेळ्या आणि चूल. बाईंना स्त्रियांच्या हक्कांवर भाषण द्यायचं होतं, त्यासाठी आमचा गेड वापरला. दुसऱ्या बाजूला हेच पुस्तक डोक्यावर घेणारेही होते आणि विज्ञानकथा-अद्भुतकथांसाठीचा त्या वर्षीचा नेब्युला पुरस्कारही त्यालाच मिळाला. पण पुरस्कार दाखवून चिडलेल्या वाचकाची समजूत घालणं मला पटत नाही. ज्यानं तीन पुस्तकं जीव लावून वाचली त्याच्या रागाला किंमत आहे.

गेडबद्दलचा राग मला समजतो, तरी मान्य नाही. आपण गुजरातेत राहतो. 'काबे अर्जुन लूंटियो, वही धनुष वही बाण' ही ओळ इथे भाजीवालासुद्धा सहज बोलून जातो. मौसलपर्वात अर्जुन द्वारकेच्या बायकामुलांना घेऊन निघतो, वाटेत लुटारू पडतात, आणि त्याला गांडीवाला धड दोरी चढवता येत नाही, अस्त्रं आठवत नाहीत. त्याच्या डोळ्यांदेखत बायकांना ओढून नेतात. व्यासांनी अर्जुनाचा अपमान केला असं कोणी म्हणत नाही. आणि आपण मराठी वाचक तर इरावतीबाईंच्या 'युगान्त'वर पोसलेले. महाभारतातली माणसं माणसं म्हणून पाहायला त्यांनी आपल्याला शिकवलं. (इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ होत्या, आणि ले ग्विनबाईंचे वडील आल्फ्रेड क्रोबर हेही त्याच शास्त्रातले मोठे नाव. माणसांच्या चालीरीती बारकाईनं पाहण्याची नजर दोघींच्या लिखाणात आहे, हे मला नेहमी जाणवतं.) शक्ती गेल्यावर गेडला लाज वाटते, तो लोकांसमोर यायला कचरतो. साहेब म्हणून पस्तीस वर्षं वावरलेला माणूस निवृत्तीनंतर बँकेच्या रांगेत उभा राहायला जसा संकोचतो, तसंच ते आहे. ही लाज इतक्या खरेपणानं लिहिलेली मी दुसऱ्या कुठल्याही अद्भुतकथेत वाचलेली नाही.

आणि बाईंनी ऐन वेळी विचार घुसडले म्हणावं, तर पहिलंच पुस्तक पुन्हा उघडून बघा. बायकांची जादू दुबळी आणि बायकांची जादू दुष्ट, अशा अर्थाची म्हण गाँटवर सर्रास चालते. गेडला जादूचे पहिले शब्द शिकवले ते त्याच्या मावशीनं, गावच्या चेटकिणीनं. पण रोकच्या विद्यालयात बाईला प्रवेश नाही. हे सगळं 1968 पासून तिथेच होतं आणि वाचताना आपण त्यावरून पुढे सरकलो होतो. चौथ्या भागात बाई मावशीच्या बाजूला जाऊन बसल्या आणि तिथून तेच जग पाहिलं, एवढंच.

एका प्रसंगावर बायका हमखास बोलतात. तेनारचा मुलगा स्पार्क समुद्रावरून परत येतो, जेवतो आणि स्वतःचं ताट उचलायला नकार देतो, कारण ते बायकांचं काम. पोरं ते पान दोन मिनिटांत उलटतात. त्यांच्या आया तिथे बोट ठेवून पुस्तक मिटतात आणि मग त्यावर अर्धा तास बोलतात.

आता ड्रॅगन. "चौथ्यात ड्रॅगनच नाहीत" ही तक्रार मी सर्वांत जास्त ऐकते, आणि ती मुळीच खरी नाही. दुसऱ्या एका प्रसिद्ध मालिकेच्या चौथ्या भागाबद्दल ती शोभते. जॉर्ज मार्टिन यांच्या 2005 सालच्या 'अ फीस्ट फॉर क्रोज'मध्ये ड्रॅगनवाल्या डेनेरिसचं एकही प्रकरण नाही, आणि तिच्यासाठी वाचकांना 2011 पर्यंत थांबावं लागलं. 'तेहानू'चं तसं नाही. पहिल्या तीन पुस्तकांत ड्रॅगन आहेत ते भय म्हणून, सामर्थ्य म्हणून, पुरुषांनी ज्यांच्याशी बोलून आपली योग्यता सिद्ध करायची असे. चौथ्यात प्रथमच कळतं की ड्रॅगन कोण आहेत. केमे गावच्या एका म्हाताऱ्या कोळिणीची कथा तेनार त्या जळलेल्या मुलीला चालता चालता सांगते: फार पूर्वी ड्रॅगन आणि माणसं एकच होती. मग काहींना वारा आणि मोकळेपणा हवासा वाटला, काहींना घरं, वस्तू, साठवण. दोघं वेगळी झाली. पण कुणाकुणात अजून दोन्ही आहेत. गेडला मंत्र शिकवणारा ऑगियन त्या कोळिणीच्या दारात गेला, तेव्हा त्याला आधी ड्रॅगनच दिसला होता.

ही कथा दुसऱ्याच प्रकरणात येते. तिच्यावर पुढचं सगळं पुस्तक उभं आहे, आणि घाईत वाचणारा ती वाट कापायला सांगितलेली गोष्ट समजून सोडून देतो. मग कॅलेसिन कड्यावर उतरतो तेव्हा पाहा. पुरुषांनी ड्रॅगनच्या डोळ्यांत बघायचं नसतं असं तेनारनं ऐकलेलं असतं. पण ती बाई आहे, तो नियम तिच्यासाठी नाहीच, म्हणून ती सरळ बघते. आणि ज्या मुलीकडे गावातले लोक बघायला तयार नाहीत, जिचा आवाज खरखरीत आहे, तीच शेवटी ड्रॅगनला हाक मारते आणि तो येतो. आगीनं जिला विद्रूप केलं तिचं आगीशी नातं काय, ते मी इथे फोडणार नाही. पण ड्रॅगनच्या इतक्या जवळ मालिकेतलं आधीचं एकही पुस्तक जात नाही.

एक आक्षेप मात्र मला पूर्ण पटतो. शेवट घाईचा आहे. आस्पेन नावाचा दुष्ट मांत्रिक नुसता दुष्ट आहे, त्याच्या द्वेषाला खोली नाही. दोनशे पानं बाई इतक्या सावकाश, इतक्या बारकाईनं चालल्या आणि शेवटच्या काही पानांत आकाशातून मदत आणून सगळं मिटवलं. यावर कोणी वाद घातला तर मी त्याच्याच बाजूनं बोलते.

आता आयांच्या प्रश्नाकडे: मुलांना द्यावं का? पहिले तीन भाग बारा वर्षांच्या मुलाला बिनधास्त द्या. चौथा देऊ नका. त्या लहान मुलीवर झालेले अत्याचार तपशिलानं येत नाहीत, पण त्यांची सावली पानोपानी आहे. पंधरा-सोळाच्या मुलाला किंवा मुलीला द्या, आणि आधी स्वतः वाचा, कारण नंतर बोलावं लागणार आहे. तिसऱ्यापाठोपाठ लगेच चौथा घेऊ नका, मध्ये दुसरं काहीतरी वाचा. बाईंनीही 18 वर्षं जाऊ दिली होती.

आणि चौथ्यावर रागावून थांबलेल्यांसाठी: 'तेहानू'च्या मुखपृष्ठावर हे अर्थसीचं शेवटचं पुस्तक असं छापलं होतं, पण ते शेवटचं ठरलं नाही. 2001 साली 'टेल्स फ्रॉम अर्थसी' हा कथासंग्रह आणि 'द अदर विंड' ही कादंबरी आली. आधी संग्रहातली 'ड्रॅगनफ्लाय' ही कथा वाचा, त्यात एक मुलगी रोकच्या दारात जाऊन उभी राहते. मग कादंबरी. केमेच्या कोळिणीच्या गोष्टीचा उरलेला भाग तिथे आहे. दोन्ही माझ्याकडे आहेत, संध्याकाळी पाचनंतर या.