पाय घसरायचा तर पुराव्यावरच

कॉलेजच्या एकांकिकेत किंवा मोबाइलवरच्या शॉर्टफिल्ममध्ये गुप्तहेराची टर उडवायची म्हटलं की सगळ्यांना आधी लांब कोट, टोपी आणि भिंग आठवतं. नागपूरच्या मे महिन्यात, ४५ अंशांत, लांब कोटातला माणूस दिसला की हसू येतंच, पण ते पहिल्या मिनिटापुरतं. पुढे हशा टिकवायचा तर धडपडीचा आणि गुन्ह्याचा सांधा जुळायला हवा. गुप्तहेर पडला आणि तपास जागच्या जागीच राहिला, तर ती पडापड वाया गेली.

म्हणून आधी रहस्य सरळ, गंभीरपणे लिहून काढा. कोणी, कसं, कशासाठी, आणि निदान तीन पुरावे. मूकपटांतला विनोदी नट बस्टर कीटन याच्या १९२४ च्या ‘शेरलॉक ज्युनियर’ या सिनेमात बिलियर्डच्या टेबलावर १३ नंबरच्या चेंडूत स्फोटक भरलेलं असतं. प्रेक्षकाला ते माहीत असतं. गुप्तहेर बाकीचे सगळे चेंडू घालवतो आणि १३ ला धक्काही लागत नाही. हसू येतं ते धोका खरा वाटतो म्हणून.

आता हाच विचार नागपूरच्या महाल भागातल्या एखाद्या वाड्यात आणून बघा. संत्र्याच्या बागेचा करारनामा चोरीला गेलाय आणि फरशीवर चोराच्या बुटाचा गेरूचा ओला ठसा आहे. गुप्तहेर भिंग लावून वाकतो, घसरतो आणि पाठीवर पडतो. फरशीवरचा ठसा पुसला जातो, पण त्याच्या कोटाच्या पाठीवर उमटतो. मग तो घरभर सगळ्यांचे बूट तपासत हिंडतो आणि पुरावा त्याच्याच पाठीवर. शेवटी नोकर म्हणतो, ‘भाऊ, जरा पाठमोरे व्हा ना, चोर सापडला.’ एका पडण्यावर अख्खी एकांकिका उभी राहते.

हे ओल्या गेरूने करायला जाऊ नका. दिव्यांच्या उष्णतेत तो काही मिनिटांत वाळतो आणि ठसा उमटतच नाही. जास्त ओला ठेवला तर पुढच्या प्रवेशात भलताच नट घसरतो. कोटाच्या पाठीवर ठसा आधीच रंगवून वाळवा. त्यावर त्याच कापडाचा पदर घेऊन खालची कड कोटाला शिवून टाका, वरची कड दोन प्रेस बटणांवर ठेवा. नटाने पडून उठताना खांद्यावरून हात नेऊन बटणं सोडायची की पदर खाली लोंबतो आणि ठसा दिसतो. फरशीवरचा ठसा कापडाचा कापून ठेवा. पडलेल्या नटाने तो मुठीत घेऊनच उठायचं.

सालीबद्दल. नागपूर ही संत्रानगरी म्हणून संत्र्याची साल वापरायचा मोह होतो, पण घसरण्याचा मान केळीचाच. जपानी संशोधकांनी बुटाखालच्या केळीच्या सालीचं घर्षण मोजलं, तेव्हा गुणांक सुमारे ०.०७ आला. तेल लावलेल्या पृष्ठभागासारखाच. साल चिरडली की आतला जेल पातळ होऊन वंगणाचं काम करतो. २०१४ साली या कामाला इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. म्हणूनच तालमीत आणि प्रयोगात खरी साल कधीही ठेवू नका. कापडाची साल, खाली रबराचा तुकडा, आणि घसरण नटाच्या ताब्यात.

पडायचं कसं, यावर सर्वात जास्त वेळ द्या. पुढचा पाय सरकवायचा, त्याच क्षणी मागचा गुडघा वाकवून कंबर जमिनीजवळ न्यायची. उंचीवरून आदळायचं नाही, बसत बसत उतरायचं. आधी मांडीची बाहेरची बाजू, मग कुल्ल्याचा मांसल भाग, मग तिरकी पाठ. हनुवटी छातीशी, श्वास बाहेर. माकडहाडावर सरळ बसला तर नट महिनाभर बसू शकत नाही. घाबरून हात मागे टेकला तर मनगट मोडतं, आणि नवख्यांचं हेच होतं. पहिले दिवस गादीवर, मग सतरंजीवर, फरशीवर अगदी शेवटी. कीटनसारखा कसलेला माणूसही त्याच सिनेमात पाण्याच्या टाकीच्या नळाखाली सापडला आणि त्याच्या मानेचं हाड मोडलं. ते कळलं कित्येक वर्षांनी, एक्स-रेत.

आवाज वेगळा काढायचा. अशा धडपडीच्या विनोदाला ‘स्लॅपस्टिक’ म्हणतात, आणि ते नावच एका साधनाचं आहे. इटलीच्या जुन्या नाटकमंडळ्यांत विदूषकाच्या हातात दोन फळ्यांची काठी असे. लागायची हळू, वाजायची जोरात. ६ मिलिमीटर प्लायवुडच्या दोन पट्ट्या घ्या, ४५ सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद. मुठीकडच्या १२ सेंटिमीटरमध्ये तितक्याच जाडीचा तुकडा घालून स्क्रूने आवळा, पुढचा भाग मोकळा. जाड लाकूड घेतलं तर नुसता ‘थप’ येतो, ‘फट्ट’ येत नाही. विंगेतल्या माणसाची नजर नटाच्या कमरेवर हवी, चेहऱ्यावर नाही. आवाज क्षणभर उशिरा आला की हशा गेला.

विषाची बाटली डोक्यावर फोडायची असेल तर ती साखरेची. ७०० ग्रॅम साखर, अर्धा लिटर पाणी, एक कप लिक्विड ग्लुकोज. मंद आचेवर १५० अंश सेल्सिअसपर्यंत, थर्मामीटर लावूनच. पुढे गेलं की पिवळं पडतं, आधी काढलं की बाटली फुटण्याऐवजी वाकते. हे मिश्रण उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त भाजतं, तेव्हा पूर्ण बाह्या आणि हातमोजे. उन्हाळ्यात नागपूरची कोरडी हवा याला मानवते. जुलैत मात्र साखर हवेतला ओलावा ओढून चिकट होते, म्हणून सकाळी ओतलेली बाटली प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्याच दिवशी वापरा. कडा साखरेच्या असल्या तरी कापतात. फोडताना नटाचे डोळे मिटलेले, वर टोपी.

राहिले गुप्त दरवाजे. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यात एक असा की गुप्त खोली किंवा वाट एकापेक्षा जास्त नको. विडंबनात पाच ठेवा, पण प्रत्येक दरवाजा उघडल्यावर गुप्तहेर त्याच स्वयंपाकघरात, त्याच पोहे परतणाऱ्या काकूंसमोर बाहेर पडू द्या. आणि पाचव्या खेपेला काकूंनी कढईखालून करारनामा काढून त्याच्या हातात प्लेट द्यावी, प्लेटखाली करारनामा. तो पोहे खातो, प्लेट परत करतो आणि सहाव्या दरवाजाच्या शोधात निघतो.